दोन गोळ्यांच्या मधला वेळ

घरातल्या कुणाला मानसिक आजारासाठी ॲडमिट करायची वेळ आली की आपल्याकडे दोन गोष्टी विचारतात. डॉक्टर कसा आहे आणि खर्च किती येईल. तिसरा प्रश्न मोठ्यानं कुणी विचारत नाही, पण तो पोटात असतोच: गावात कळणार तर नाही ना? बेळगाव, खानापूर, निपाणी, कुठंही जा, कुणी जरा वेगळं वागलं की "धारवाडला न्यायला पायजे याला" असं हसत हसत म्हणतात. धारवाड म्हणजे खुळ्यांचा दवाखाना, बाकी काही नाही. या थट्टेत वाढलेल्या माणसाला स्वतःच्या भावाला वॉर्डात घेऊन जाताना काय होतं ते मला ठाऊक आहे. एका एप्रिलमध्ये मी मावसभावासोबत एकोणीस दिवस अशा वॉर्डात काढले. रुग्णालय कुठलं ते सांगत नाही, कारण चांगलं आणि वाईट दोन्ही तिथं पाहिलं, आणि दोन्ही दुसरीकडेही पाहायला मिळेल.

त्या एकोणीस दिवसांत एक गोष्ट कळली. गोळ्या सकाळी आठला आणि रात्री आठला. दोन्ही मिळून दहा मिनिटांचं काम. उरलेल्या वेळात काय होतं, त्यावर वॉर्ड चांगला की वाईट ते ठरतं.

हाडाच्या वॉर्डात असं नसतं. पाय मोडलेल्या माणसाला पाय मोडलाय हे मान्य असतं. एक्स-रे सगळ्यांना सारखाच दिसतो. मानसिक आजारात असा फोटो काढता येत नाही. आजार दिसतो तो बोलण्यात, झोपेत, जेवणात आणि वागण्यात. काही वेळा आजारी माणसाला आपण आजारी आहोत हेच पटत नसतं. म्हणजे डॉक्टरांचं तपासण्याचं मुख्य साधन म्हणजे बोलणं. इथूनच आपल्या सीमाभागाची खास अडचण सुरू होते, तिच्याकडे पुढे येतो.

सेवेचा दर्जा मोजायचा कसा, याची एक साधी रीत अवेदिस डोनाबेडियन या डॉक्टरांनी १९६६ साली मांडली. तीन गोष्टी बघायच्या. तिथं काय आहे, तिथं काय करतात, आणि शेवटी काय निघतं. पहिल्यात खाटा, संडास, पंखे, औषधं, सिस्टरांची संख्या. दुसऱ्यात राऊंड, बोलणं, नोंदी, वागणूक. तिसऱ्यात माणूस बरा होऊन किती दिवस बरा राहिला. आपण नातेवाईक पहिल्यातच अडकतो. फरशी चकचकीत दिसली की समाधान. मी पण तेच केलं होतं.

पहिल्याचंही थोडं बघू, कारण तेही लागतंच. आपल्या भागातून माणूस जातो कुठं? बेळगावात सिव्हिल आहे, मेडिकल कॉलेजांचे मनोविकार विभाग आहेत. धारवाडची मोठी संस्था इंग्रजांच्या काळातल्या जुन्या मेंटल हॉस्पिटलातून वाढलेली. आज तिचं नाव डिमहान्स. सगळ्यात शेवटी बेंगळुरूचं निमहान्स, मनोविकारांची देशपातळीवरची संस्था. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत बेळगाव आणि धारवाड दोन्ही मुंबई राज्यातच होते. तिकडे कोकणात उतरलं की रत्नागिरीचं मनोरुग्णालय, पण मध्ये राज्याची हद्द. कर्नाटकात 'मनोचैतन्य' नावाचा कार्यक्रम आहे. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मंगळवारी मनोविकार तज्ज्ञ बसावेत ही त्यामागची कल्पना. वॉर्डात जाण्याआधी आणि वॉर्डातून आल्यावर हा मंगळवार फार उपयोगी पडतो. ज्यांना माहीत नाही त्यांनी आशाताईंना विचारावं.

आता ॲडमिशन. बहुतेक घरांत समजूत अशी की एकदा आत गेला म्हणजे डॉक्टर सोडतील तेव्हाच सुटणार. तसं नाही. मानसिक आरोग्याचा २०१७ चा कायदा २०१८ पासून लागू आहे आणि तो दोन वाटा सांगतो. एक, माणूस स्वतः समजून उमजून भरती होतो. असा माणूस घरी जातो म्हणाला तर त्याला सोडायचं; फार तर तपासून बघण्यासाठी डॉक्टर चोवीस तास थांबवू शकतात. दुसरी वाट, माणसाला त्या घडीला आपलं भलंबुरं ठरवता येत नाही आणि त्याच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका आहे, नाहीतर त्याला स्वतःची काळजीच घेता येत नाही. तेव्हा मनोविकार तज्ज्ञ आणि आणखी एक डॉक्टर किंवा मानसिक आरोग्याचा जाणकार, दोघांनी वेगवेगळं तपासून भरती करायचं, तेही आधी जास्तीत जास्त तीस दिवस. सरकारने नेमलेल्या मंडळाला सात दिवसांत कळवायचं. बाई किंवा अल्पवयीन असेल तर तीन दिवसांत. या वाटेनं भरती करताना सही करतो तो रुग्णाचा 'प्रतिनिधी', आणि तो कोण असावा हे रुग्णाला आधीच लिहून ठेवता येतं. आमच्याकडे मावशीनं सही केली. फॉर्म कन्नड आणि इंग्रजीत. तिला विचारलं, कशावर केलीस? म्हणाली, "त्यांनी बोट ठेवलं तिथं केली."

आणि त्याच कायद्यात स्पष्ट लिहिलंय की आजार काय, उपचार काय, कुठल्या नियमाखाली भरती केलंय ही माहिती माणसाला कळेल अशा भाषेत आणि कळेल अशा रीतीनं द्यायची. राज्याच्या भाषेत असं नाही लिहिलेलं. त्याला कळेल अशा भाषेत. इकडे पाटी कुठल्या भाषेत लावायची यावर आम्ही मोर्चे काढले, बंद पाळले, आणि हे वाक्य आमच्यापैकी कुणी कधी वाचलं नाही.

चौथ्या की पाचव्या दिवशीची गोष्ट. सकाळचा राऊंड. नवीन डॉक्टर मुलगी, दक्षिणेकडची, मराठी येत नव्हती, हिंदी तोडकी. तिनं भावाला विचारलं, कैसा है? हा छताकडे बघत म्हणाला, "जीव नको झालाय बघा." तिनं सिस्टरकडे पाहिलं. सिस्टर हुबळीकडची, कन्नड तिची घरची भाषा, पण कानावर पडून थोडं मराठी कळायचं. ती म्हणाली, उकाड्यानं वैतागलाय. चुकीचं नव्हतं हो ते. आपण एप्रिल-मेमध्ये दिवसातून दहादा म्हणतो, उकाड्यानं जीव नको झाला. डॉक्टरीण पुढच्या खाटेकडे वळली.

मागे चादरींचा गठ्ठा घेऊन वॉर्डातले मामा उभे होते. मूळचे खानापूरकडचे. त्यांनी गठ्ठा खाली ठेवला, खाटेजवळ आले आणि हळूच विचारलं, "उकाड्यानं व्हय, का मनानं?"

भाऊ बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "मनानं."

मामांनी डॉक्टरांना परत बोलावलं. पुढचा अर्धा तास मामांना मध्ये बसवून ती बोलत राहिली. कधीपासून वाटतं, काही ठरवलं होतंस का, कोण आठवतं तेव्हा. त्या दिवसापासून भावाची खाट सिस्टरांच्या टेबलासमोर आली, बाथरूमला जाताना कुणीतरी दाराशी, आणि औषधही बदललं. पुस्तकात याला जोखमीचं मूल्यमापन म्हणतात. त्याचे छापील फॉर्म असतात, त्यावर गुण मांडतात. आमच्या वॉर्डात ते मूल्यमापन चार शब्दांत झालं, आणि ज्यानं केलं त्याच्या कामाच्या यादीत ते नव्हतं.

एक सांगून ठेवतो. मरणाचं विचारलं तर माणसाच्या डोक्यात तो विचार भरेल, ही भीती खोटी आहे. नीट विचारलं तर उलट हलकं वाटतं. भाऊ नंतर म्हणाला, कुणीतरी विचारायची वाटच बघत होतो.

आपल्या मराठीत त्रास सांगायची रीतच अशी आहे की शब्दशः घेतलं तर फसतं. डोक्यात किरकिर चाललीय म्हणजे कानात आवाज येतो असं नव्हे. "कुणीतरी बोलतंय" म्हणजे गावात नाव घेतायत, का खरंच आवाज ऐकू येतोय? "अंगात येतं" म्हणणारी बाई यल्लम्माच्या पौर्णिमेला तिच्या घरात चार पिढ्या जे होत आलंय त्याबद्दल बोलत असेल, आणि ते आजाराचं लक्षण नसेलही. हे ओळखायला भाषा पाहिजे आणि भाषेच्या आतलं घर पाहिजे. नातेवाईकाला दुभाषी करणं सोयीचं, पण त्यात खोट असते. बायको नवऱ्यासमोर, मुलगा बापासमोर खरं सांगेलच असं नाही, आणि आपणही भाषांतर करताना लाजेखातर अर्धं गिळतो. म्हणून डॉक्टरांना मोकळेपणानं म्हणावं, मराठी येणारं तुमच्याकडचं कुणी बसवा आणि मी बाहेर थांबतो. नाराज कुणी होत नाही.

आता बांधण्याबद्दल. सातव्या रात्री भाऊ बिथरला. खोटं सांगत नाही, त्यानं मामांवर हात टाकला, स्टँड पाडला. रात्रपाळीला एक सिस्टर आणि एकच मामा. इंजेक्शन दिलं आणि हातपाय पट्टीनं खाटेच्या दांडीला बांधले. ते मला समजलं. पण त्यानंतर तो शांत झोपला, तरी पहाटेपर्यंत तसाच. का म्हणून विचारलं तर सिस्टर म्हणाली, माणसं नाहीत हो, परत उठला तर मी एकटी काय करू?

तिची अडचण खरी होती. पण कायदा नेमकं हेच चालणार नाही म्हणतो. बांधायचं ते तातडीचा धोका टाळायला दुसरा काही इलाज नसेल तेव्हाच, मनोविकार तज्ज्ञाच्या परवानगीनं, लागेल तेवढाच वेळ, कारणासकट नोंद करून आणि सतत नजर ठेवून. शिक्षा म्हणून नाही, धाक म्हणून नाही, माणसं कमी आहेत म्हणूनही नाही. प्रतिनिधीला चोवीस तासांत कळवायचं. खोलीत एकट्याला कोंडून ठेवायला बंदी. साखळीला तर कुठल्याही परिस्थितीत बंदी. ती का, हे समजायला २००१ ची एरवाडीची आग आठवावी. तमिळनाडूत दर्ग्याजवळच्या एका झोपडीवजा आश्रमात साखळदंडानं जखडलेले अठ्ठावीस मनोरुग्ण जळून मेले. त्यांना पळता आलं नाही.

चांगला वॉर्ड बांधायची वेळच कमी येऊ देतो. माणूस एकदम भडकत नाही. आधी येरझाऱ्या वाढतात, आवाज चढतो, जेवण परत जातं. तेव्हा कुणी बाजूला नेऊन बोललं, पाणी दिलं, गर्दी पांगवली, गोळी घेतोस का म्हणून विचारलं, तर पुष्कळदा तिथंच निवळतं. भावाच्या बाबतीत संध्याकाळीच कळायला हवं होतं. फोन करू देत नाहीत म्हणून तो चार वाजल्यापासून धुमसत होता. घरच्यांशी बोलणं हा सुद्धा कायद्यानं दिलेला हक्क आहे, पण फोन टेबलाच्या खणात आणि किल्ली घेऊन जाणारा घरी.

दुसऱ्या दिवशी त्याची मान एका बाजूला आखडली, जीभ जड झाली. मावशीनं थेट अंगारा काढला. हे भूत नव्हे, इंजेक्शनचा दुष्परिणाम. हॅलोपेरिडॉलसारख्या औषधानं तरुण माणसांत हे होतं, आणि त्यावरचं दुसरं औषध दिलं की लवकर उतरतं. उतरलंही. राग दुष्परिणामाचा नव्हता, आधी कुणी सांगितलं नाही याचा होता. "मान आखडली तर लगेच सांगा", एवढंच वाक्य लागतं. तसंच बाकीच्या औषधांचं. लिथियमवर असेल तर रक्तातलं प्रमाण बघायलाच पाहिजे, कारण गुणाची मात्रा आणि विषाची मात्रा यात अंतर थोडं. जुलाब, उलट्या, कडक ऊन यांत ते झपकन चढतं. क्लोझापिन सुरू केलं की पहिले अठरा आठवडे दर आठवड्याला रक्त तपासायचं. ओलान्झापिननं भूक सुटते, वजन आणि साखर बघत राहायची. चार्टवर हे आकडे दिसतात का ते बघा. नसतील तर विचारा.

विजेच्या शॉकबद्दल सगळे विचारतात. देतात, आणि काही आजारांत तो फार गुणकारी आहे. पण भूल देऊन आणि स्नायू सैल करणारं औषध देऊनच. त्याशिवाय देणं बेकायदा. सिनेमात दाखवतात तो प्रकार डोक्यातून काढा.

बायकांच्या वॉर्डात मी जाऊ शकत नव्हतो, पण तिथली एक गोष्ट मावशीनं सांगितली ती विसरत नाही. निपाणीकडची एक नवी सून आली होती. नियमाप्रमाणे दागिने उतरवायचे. गळ्यात काही ठेवायचं नाही, ते सुरक्षेसाठी बरोबरच. आयानं मंगळसूत्र काढायला हात घातला, बांगड्या उतरवल्या, आणि त्या पोरीनं जो टाहो फोडला तो सगळ्या मजल्यावर ऐकू गेला. चार्टवर नोंद झाली असणार, रुग्ण आक्रमक. आता मंगळसूत्र आणि बांगड्या कधी उतरवतात ते मराठी घरातल्या कुणालाही सांगावं लागत नाही. दुपारपाळीच्या सिस्टरला ते कळलं. तिनं नवऱ्याला बोलावलं, त्याच्या हातात दागिने मोजून दिले, "हा बघ, समोर उभा आहे, धडधाकट" असं तिला दाखवलं, आणि पर्समधली स्वतःची टिकली काढून तिच्या कपाळाला लावली. नियम मोडला नाही, तसूभरही नाही. पोरगी जेवली.

कपड्यांचंही असंच. स्वतःचे कपडे घालायचा हक्क आहे, युनिफॉर्मची सक्ती करता येत नाही. उवा झाल्या म्हणून सरसकट डोकी भादरता येत नाहीत. पाळीच्या दिवसांत लागतं ते बायकांना मिळालंच पाहिजे. संडासाला आडोसा पाहिजे. हे सगळं कायद्यात लिहावं लागलं, यावरून आधी काय चालायचं त्याचा अंदाज करा.

आणि दुपार. दोन ते पाच वॉर्डात काहीच घडत नाही. टीव्हीवर कन्नड मालिका, कोपऱ्यात सोंगट्या हरवलेला कॅरम. माणसं भिंतीकडे तोंड करून पडून राहतात, मग रात्री झोप येत नाही, मग झोपेची गोळी वाढते. कंटाळा हा वॉर्डातला मोठा रोग आहे आणि त्यावर काम पाहिजे: चित्र, बाग, दोरीचे खेळ, बैठक मारून गप्पा, काहीही. काम ऐच्छिक हं. झाडू हातात देऊन वॉर्ड झाडून घेणं हा उपचार नव्हे. मी रोज मराठी पेपर न्यायला लागलो. तिसऱ्या दिवसापासून सात-आठ जण वाट बघायचे. पहिली मागणी शेवटच्या पानाची, कुस्तीच्या बातमीसाठी.

सिस्टरांवर मी टीका केली, पण त्यांचंही ऐकायला पाहिजे. शिव्या खाव्या लागतात, मार बसतो, सुट्टी मिळत नाही, आणि बाहेर कुणाला सांगायची सोय नाही की आपण कुठं काम करतो. तीच हुबळीकडची सिस्टर रोज सकाळी प्रत्येक खाटेपाशी "निद्दी बंतेन्री?" विचारत जायची. झोप आली का? दहाव्या दिवशी भावापाशी आली आणि म्हणाली, "झोप लागली काय?" त्याला तो उच्चार इतका आवडला की त्यानं कन्नडमध्ये उत्तर दिलं. पहिल्यांदा.

घरी सोडायचा दिवस हा सगळ्यात आनंदाचा आणि सगळ्यात कच्चा. वॉर्डातून बाहेर पडल्यानंतरचे पहिले काही आठवडे जोखमीचे असतात. जिवाचं बरंवाईट करून घ्यायचा धोका तेव्हा वाढतो, गोळ्याही तेव्हाच सुटतात. "आता बरा झालाय की, कशाला गोळ्या?" हे वाक्य प्रत्येक घरात एक काका बोलतोच. म्हणून निघायच्या आधी बसून विचारून घ्यायचं. गोळ्या किती दिवसांच्या दिल्या, त्या तालुक्याला मिळतात का, पुढची तारीख आठवड्याच्या आत आहे का, पुन्हा बिघडायला लागलं तर पहिली खूण कोणती. भावाची पहिली खूण झोप. दोन रात्री जागला की आम्ही उठतो. रात्री-अपरात्री बोलायला १४४१६ हा टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनचा मोफत नंबर आहे, मराठीतही बोलता येतं. अंगारा, देव, कुलस्वामी, जे करायचं ते करा, भांडण नाही. फक्त गोळी चुकवू नका.

तक्रार असेल तर आधी वॉर्डाच्या मुख्य डॉक्टरांकडे लेखी. उत्तर मिळालं नाही तर भरतीची खबर जाते त्या सरकारी मंडळाकडे. मी रात्रभर बांधून ठेवल्याचं लिहून दिलं. त्यानंतर रात्रपाळीला दोन मामा दिसू लागले. माझ्या अर्जानं का आणखी कशानं, सांगता येणार नाही.

डिस्चार्ज कार्ड इंग्रजीत होतं. मावशी म्हणाली, मला काय कळणार यातलं? तेव्हा त्या सिस्टरनं एका कागदावर मराठीत लिहून दिलं. हिंदी शिकताना आलेली देवनागरी, त्यामुळे शब्द जरा वाकडे. "सकाळी पांढरी अरधी. रातरी पिवळी येक. उपाशी नको." मावशीच्या कपाटाच्या दारावर, कालनिर्णयच्या शेजारी, तो कागद अजून चिकटवलेला आहे. भाचीनं एकदा पेननं 'रात्री' असं सुधारायला घेतलं, तर भाऊ तिला म्हणाला, "ऱ्हाऊ दे गं, तसंच वाचता येतंय मला."